भूगोलाच्या पदवीला किती कर्ज पेलवेल?

एका वाचक मुलीचे पत्र आले आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे गाळून ते देतो.

‘भूगोल हा माझा शाळेपासूनचा आवडीचा विषय आहे आणि त्याच्या तीन वर्षांच्या पदवीसाठी मला दोन संस्थांमध्ये प्रवेश मिळाला आहे. पहिली संस्था नामांकित आहे, पण तिथले शुल्क आणि राहण्याचा खर्च यांसाठी जवळजवळ सगळे पैसे कर्जानेच उभे करावे लागतील. दुसरी संस्था साधी आहे, तिचे नाव फारसे कोणी ऐकलेले नाही, पण तिथे निम्म्याहून कमी कर्जात भागेल. पहिल्या संस्थेच्या माहितीपुस्तिकेत भूगोलाच्या पदवीधरांची सरासरी सुरुवातीची कमाई छापली आहे आणि तो आकडा चांगला वाटतो. व्याज दहा टक्के आहे, फेड दहा वर्षांची आहे आणि वडील सहकर्जदार म्हणून सही करायला तयार आहेत. काका म्हणतात की भूगोल शिकून तू फार तर वर्गात नकाशे टांगशील, त्यासाठी कर्ज कशाला? विभागातले एक प्राध्यापक म्हणाले की पुढे पदव्युत्तर शिक्षण घ्यावेच लागेल. मी काय करावे?’

तुमच्या मूळ, न गाळलेल्या पत्रात ‘सरासरी’ हा शब्द चार वेळा आला आहे, आणि माझ्या मते सगळा घोळ तिथेच आहे, म्हणून उत्तराची सुरुवात त्या शब्दापासून करतो. बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डन हा भूगोलाचा पदवीधर आहे. अमेरिकेतील चॅपेल हिल येथील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातले शिक्षण अर्धवट सोडून तो १९८४ साली व्यावसायिक खेळाकडे वळला आणि १९८६ साली त्याने ती पदवी पुरी केली. तेव्हापासून संख्याशास्त्र शिकवणारे शिक्षक एक विनोद सांगत आले आहेत: त्या विद्यापीठात सर्वाधिक सरासरी कमाई मिळवून देणारा विषय कोणता, तर भूगोल, कारण एकट्या जॉर्डनची कमाई सगळ्यांची सरासरी वर खेचते. विनोद जुना झाला असला तरी माहितीपुस्तिका वाचताना तो डोक्यात असलेला बरा, कारण सरासरी बिघडवायला जॉर्डनच लागतो असे नाही. दहा पदवीधर आहेत असे समजा. त्यांतल्या नऊ जणांची मासिक कमाई मिळून ७५० आणि दहाव्याची एकट्याची २५० असेल, तर सरासरी बरोबर १०० येते. आणि त्या नऊ जणांपैकी एकालाही १०० मिळत नसतील, अशी पुरेपूर शक्यता असते. पुस्तिकेने खोटे काहीच छापलेले नसते, आणि तरीही तुमच्या बाबतीत तो आकडा खरा ठरण्याची शक्यता फार थोडी असते.

म्हणून पहिल्या संस्थेला पत्र लिहा आणि सरासरीऐवजी मध्यक विचारा, म्हणजे सर्व पदवीधरांना कमाईच्या क्रमाने उभे केले तर बरोबर मधल्या माणसाला काय मिळते ते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे खालच्या चतुर्थांशाची सीमा विचारा: चारांतला एक जण ज्या रकमेच्या खाली आहे, ती रक्कम कोणती? आपण मधल्या माणसापेक्षा हुशार आहोत असे प्रवेश घेताना प्रत्येकालाच वाटते आणि त्यात गैर काही नाही, पण कर्जाचा हिशेब मात्र खालच्या चतुर्थांशाच्या कमाईवर मांडावा, कारण कर्ज हे निश्चित असते आणि कमाई नसते. तिसरा प्रश्न असा विचारा की किती जणांनी माहिती कळवली. ज्यांना नोकरी मिळालेली नाही ते असल्या पाहणीला सहसा उत्तरच देत नाहीत. चौथा प्रश्न, ही कमाई पदवीनंतर किती वर्षांनी मोजली आहे. इंग्लंडमध्ये शासकीय नोंदी जोडून केलेल्या आकडेवारीत पदवीनंतर एक, तीन, पाच आणि दहा वर्षांनी कमाई मोजतात, आणि त्या चार आकड्यांत चार वेगळ्या गोष्टी दिसतात. अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या ‘कॉलेज स्कोअरकार्ड’मध्ये विषयवार कमाई आणि विषयवार कर्ज शेजारी शेजारी पाहायला मिळते आणि आकडे मध्यकाचे असतात, ही चांगली सोय आहे, पण त्यातही केवळ केंद्रीय शासनाचे आर्थिक साहाय्य घेतलेले विद्यार्थी धरलेले असतात आणि मोजणीच्या वेळी पुढे शिकत असलेले वगळलेले असतात. भूगोलासारख्या विषयात, जिथे बरेच जण लगेच पुढच्या शिक्षणाकडे वळतात, तिथे हे वगळणे किरकोळ नव्हे.

एवढे मात्र या दोन्ही देशांच्या आकडेवारीतून ठामपणे म्हणता येते की सुरुवातीच्या कमाईत भूगोलाचे पदवीधर अभियांत्रिकी आणि संगणकशास्त्र यांच्या खाली आणि ललित कलांच्या वर, मधल्या पट्टीत कुठेतरी असतात. मधली पट्टी म्हणजे वाईट नव्हे. मात्र मधल्या पट्टीच्या पदवीला वरच्या पट्टीचे कर्ज झेपत नाही, आणि तुमच्या पत्रातली पहिली संस्था तुमच्याकडे नेमके तेच मागते आहे.

आता हिशेब. तुम्ही दिलेल्या रकमा जशाच्या तशा छापत नाही. त्याऐवजी पुस्तिकेतली सरासरी मासिक कमाई १०० धरतो आणि बाकी सगळे त्या मापात मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही आपापले आकडे घालून पाहता येतील. तुमच्या रकमा या मापात बसवल्या तर पहिल्या संस्थेसाठी दरवर्षी ४८० याप्रमाणे तीन वर्षांत १,४४० उचलावे लागतात, आणि दुसऱ्या संस्थेसाठी दरवर्षी २०० याप्रमाणे ६००.

पहिल्या संस्थेच्या १,४४० चे काय होते ते पाहा. पहिल्या वर्षी उचललेल्या ४८० वर तीन वर्षांचे व्याज चढते, दुसऱ्या वर्षीच्या रकमेवर दोन वर्षांचे आणि तिसऱ्या वर्षीच्या रकमेवर एका वर्षाचे. पदवी हातात पडते तेव्हा मूळ रक्कम अधिक व्याज मिळून १,७४८ झालेले असतात. त्यानंतर तुम्हाला नोकरी शोधण्यासाठी जी सहा महिन्यांची सवलत आहे, त्या काळातही व्याज थांबत नाही. पहिला हप्ता भरायच्या दिवशी तुमच्या नावावर १,८३३ असतात. म्हणजे एक पैसाही कमावण्यापूर्वी कर्ज सव्वापट झालेले असते. दहा वर्षांच्या फेडीसाठी याचा मासिक हप्ता २४ च्या थोडा वर येतो. कमाई खरोखरच १०० असेल तर कर आणि राहण्याखाण्याचा खर्च वजा करण्याआधीच जवळजवळ चौथा हिस्सा गेला. खालच्या चतुर्थांशातली कमाई ७० धरली, तर हप्ता कमाईच्या ३५ टक्क्यांना टेकतो.

पहिल्या हप्त्याचे २४ नेमके कुठे जातात हेही एकदा पाहून ठेवा. त्यातले १५ हून अधिक व्याजात जातात आणि मुद्दल जेमतेम ९ ने कमी होते. पाच वर्षे एकही हप्ता न चुकवता भरले, म्हणजे फेडीची निम्मी मुदत संपली, की माणसाला वाटते आपले कर्ज निम्मे झाले. प्रत्यक्षात तेव्हा १,८३३ पैकी १,१४० बाकी असतात. हप्ता हलका करण्यासाठी मुदत पंधरा वर्षांची करून देतो असे कोणी सांगेल, आणि हप्ता खरेच २० च्या खाली येईल. पण दहा वर्षांत एकूण २,९०६ भरायचे होते ते पंधरा वर्षांत ३,५४६ होतील.

दुसऱ्या संस्थेचे ६०० याच रीतीने वाढून ७६४ होतात आणि हप्ता १० येतो. कमाई ७० असली तरी तो १४ टक्क्यांच्या आसपास राहतो. पदवीला एकूण कर्ज किती असावे याचा एक ढोबळ नियम पुष्कळ सल्लागार सांगतात, की ते पहिल्या वर्षाच्या कमाईपेक्षा जास्त नसावे. तुमच्या व्याजदराने आणि मुदतीने त्या नियमाचा अर्थ होतो मासिक कमाईच्या १६ टक्के हप्ता. नियम वाईट नाही, फक्त त्यात दोन दुरुस्त्या मी करीन: कर्ज म्हणजे उचललेली रक्कम न धरता पहिल्या हप्त्याच्या दिवशीची रक्कम धरावी, आणि कमाई म्हणजे खालच्या चतुर्थांशाची धरावी. या मोजपट्टीने तुमची मर्यादा ८४० येते. दुसरी संस्था तिच्या आत बसते. पहिली दुपटीहून जास्त बाहेर जाते.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण परदेशी आकडेवारी वाचून अनेकांची गल्लत होते. सगळीकडची शैक्षणिक कर्जे तुमच्यासारखी नसतात. ऑस्ट्रेलियाने १९८९ साली अशी पद्धत आणली की पदवीधराने ठरावीक उत्पन्न ओलांडल्यावरच फेड सुरू व्हावी. इंग्लंडमध्येही उत्पन्नाच्या ठरावीक मर्यादेवरच्या कमाईच्या ९ टक्के कापले जातात, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून अभ्यासक्रम सुरू करणाऱ्यांचे उरलेले कर्ज ४० वर्षांनी माफ होते. तिथे हप्ता कमाईच्या मागून चालतो, आणि तुमच्या कर्जात कमाईने हप्त्याच्या मागून धावायचे आहे. तिथल्या विद्यार्थ्याने घेतलेला मोठ्या कर्जाचा निर्णय शहाणपणाचा असू शकतो; तोच निर्णय ठरावीक हप्त्याच्या कर्जावर घेणे हे वेगळेच धाडस आहे. कर्जाचा करार वाचताना पहिल्यांदा हेच पाहावे.

आता तुमच्या काकांकडे वळू. त्यांची शंका जुनी आहे आणि ती मोठमोठ्या लोकांना आलेली आहे. हार्वर्ड विद्यापीठाने १९४८ साली आपला भूगोलाचा विभागच गुंडाळला होता. गंमत अशी की त्याच विद्यापीठात १९६५ साली संगणकाने नकाशे काढण्याची प्रयोगशाळा सुरू झाली, आणि तिथे काम केलेल्या जॅक डेंजरमंड यांनी पत्नी लॉरा यांच्यासह १९६९ साली ‘एस्री’ ही कंपनी काढली, जिची प्रणाली आज जगभरच्या नगररचना, वीज, पाणी आणि विमा कार्यालयांत वापरली जाते. तरीही काकांच्या म्हणण्यात एक खरा भाग आहे आणि तो झटकून टाकू नका. ‘भूगोलतज्ज्ञ’ असे पदनाम असलेल्या नोकऱ्या जवळजवळ नसतातच. अमेरिकेएवढ्या अवाढव्य देशात शासकीय रोजगार-नोंदीनुसार या नेमक्या पदनामावर काम करणारी माणसे दोन हजारही भरत नाहीत. भूगोलाचे पदवीधर काम करतात ते दुसऱ्याच नावांखाली: नगररचना सहायक, सर्वेक्षक, पूरधोका विश्लेषक, वाहतूक नियोजक, माहिती विश्लेषक, शिक्षक. डॉक्टरकीची किंवा लेखापालाची पदवी आपल्याबरोबर नोकरीचे नाव घेऊन येते. भूगोलाची पदवी तसे काही देत नाही, ते नाव ज्याचे त्याने कमवावे लागते, आणि ते कमवायला बहुतेकांची पहिली दोन-तीन वर्षे जातात. कर्जाचा हप्ता नेमका त्याच वर्षांत सर्वांत जड असतो.

मी काही वर्षे नकाशांच्या कामासाठी माणसे निवडणाऱ्या एका समितीवर बसत असे. परीक्षा साधी होती. उमेदवाराला संगणकावर नकाशाचे दोन थर द्यायचे, एक रस्ते आणि तलाव यांचा, दुसरा विहिरींचा, आणि विहिरींची रस्त्यापासूनची अंतरे काढायला सांगायची. थर एकमेकांवर ठेवले की तलावाकाठच्या सात-आठ विहिरी थेट तलावात पडलेल्या दिसत. बरेच उमेदवार ते पाहूनही अंतरे काढून मोकळे होत. काही जण माउसने एकेक विहीर ओढून काठावर आणत. एका मुलीने मात्र काहीच न हलवता आधी सगळ्या विहिरींची चूक एकाच दिशेला आणि जवळपास सारखीच, सव्वाशे मीटर, आहे हे मोजून घेतले, मग दोन्ही थरांचे माहितीपत्रक उघडले, दोघांचे डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश काढताना पृथ्वीच्या आकाराचे धरलेले माप, वेगळे असल्याचे दाखवले आणि एक थर दुसऱ्याच्या डेटममध्ये रूपांतरित केला. विहिरी काठावर येऊन बसल्या. सगळे मिळून दहा मिनिटे लागली असतील. ती कोणत्याही नामांकित संस्थेतली नव्हती, आणि त्या समितीतल्या कोणीही तिच्या संस्थेचे नाव नंतर विचारल्याचे मला आठवत नाही.

पृथ्वीचा आकार एका मापाने न मोजता अनेक मापांनी मोजला गेला आहे, आणि म्हणून एकाच विहिरीचे अक्षांश-रेखांश दोन नोंदींत दोन असू शकतात, हे त्या मुलीला ठाऊक होते. हे ज्ञान शुद्ध भूगोलाचे आहे. नुसती प्रणाली चालवायला शिकवणाऱ्या सहा महिन्यांच्या वर्गात ते सहसा मिळत नाही, आणि काकांनी थट्टा केलेल्या पदवीत ते मिळते. पण हेही तितकेच खरे की ज्ञान होते म्हणून भागले नाही, हातही बसलेला होता. ज्या भूगोलाला पैसे मिळतात तो या दोहोंच्या सांध्यावर असतो. त्यामुळे दोन्ही संस्थांचे अभ्यासक्रम शेजारी ठेवून पाहा की भौगोलिक माहिती प्रणाली (संगणकावर नकाशे आणि त्यांना जोडलेली माहिती हाताळणे), सुदूर संवेदन (उपग्रहासारख्या दूरच्या साधनांनी जमिनीची माहिती मिळवणे), संख्याशास्त्र आणि थोडीफार संगणकीय आज्ञावली हे विषय सक्तीचे आहेत, ऐच्छिक आहेत की केवळ पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर आहेत. प्रयोगशाळेचे तास आठवड्याला किती आहेत. आणि क्षेत्रभेटीत विद्यार्थी स्वतः मोजमाप करतात की बसमधून उतरून छायाचित्रे काढतात. पहिली संस्था इथे फार पुढे असेल तर तिच्या बाजूने थोडे वजन टाका. थोडेच, कारण ही कसर भरून काढणे आज पूर्वीइतके महाग राहिलेले नाही. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांची १९७२ पासूनची छायाचित्रे २००८ साली सर्वांना विनामूल्य खुली झाली. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची, १० मीटरपर्यंतचा तपशील दाखवणारी छायाचित्रेही विनामूल्य मिळतात. ‘क्यूजीआयएस’ ही भौगोलिक माहिती प्रणाली २००२ पासून स्वयंसेवकांच्या मेहनतीवर वाढत आली आहे आणि तीही फुकट आहे. एखाद्या नदीचे पात्र तीस वर्षांत किती सरकले याचा चांगला अभ्यास दुसऱ्या संस्थेतल्या विद्यार्थिनीलाही आपल्या खोलीत बसून करता येतो, आणि मुलाखतीत तो पुढे ठेवला की संस्थेच्या नावाची उणीव बऱ्यापैकी झाकली जाते.

एक सावधगिरी मात्र बाळगा. उपग्रहाच्या छायाचित्रावर इमारतींच्या कडा गिरवत बसण्याचे जे काम नवख्यांना मिळत असे, ते आता यंत्रे करू लागली आहेत; मायक्रोसॉफ्टने २०१८ सालीच अमेरिकेतल्या साडेबारा कोटी इमारतींच्या अशा यंत्राने काढलेल्या आकृत्या खुल्या केल्या होत्या. ‘प्रमाणपत्र घ्या आणि लगेच नोकरी मिळवा’ असे म्हणणारे वर्ग बरेचदा याच कामासाठी माणसे तयार करत असतात. त्यांच्यासाठी वेगळे कर्ज तर मुळीच काढू नका.

प्राध्यापक महाशयांनी पदव्युत्तर शिक्षणाबद्दल सांगितले ते चुकीचे नाही, अपुरे आहे. नगररचना, जलशास्त्र, संशोधन, विद्यापीठीय अध्यापन यांत पुढची पदवी खरोखर लागते. पण तिचा अर्थ कर्जाच्या भाषेत असा होतो की आज तुम्ही ज्याला पूर्ण कर्ज समजत आहात तो कदाचित कर्जाचा पहिला टप्पाच आहे, आणि दुसरे कर्ज निघेल तेव्हा पहिल्यावर व्याज चालूच असेल. शिवाय त्या दोन वर्षांत जी कमाई झाली असती ती बुडते, आणि ही बुडालेली कमाई कुठल्याच माहितीपुस्तिकेत छापलेली नसते. पहिल्या संस्थेत १,४४० उचललेत तर पुढच्या पदवीची वाट जवळपास बंद होईल, निदान कर्जाने तरी. दुसऱ्या संस्थेत ६०० उचललेत तर ती वाट उघडी राहते. माझा सल्ला विचाराल तर पदवीनंतर दोन वर्षे काम करावे, कोणत्या शाखेत हात चालतो आणि कोणत्या शाखेला पैसे मिळतात ते पाहावे, आणि मग त्या शाखेची पदव्युत्तर पदवी शक्यतो शिष्यवृत्तीवर, संशोधन सहायक म्हणून किंवा कार्यालयाच्या खर्चाने करावी. नामांकित संस्थेत शिकण्याची हौस असेल तर ती तेव्हा भागवता येते. शेवटची पदवी जिथली असते तिचेच नाव लोक आधी वाचतात.

अर्धवट सुटलेल्या शिक्षणाबद्दल एकच वाक्य: पदवी नाही आणि कर्ज आहे ही अवस्था सर्वांत वाईट असते, त्यामुळे पहिल्या वर्षाअखेर विषय झेपत नाही किंवा रुचत नाही असे वाटले, तर दुसऱ्या वर्षाची उचल करण्यापूर्वी थांबून विचार करायला लाजू नका.

तुमच्या वडिलांविषयी थोडे. सहकर्जदार म्हणून सही करणे म्हणजे मुलीच्या पाठीशी उभे राहणे, असे ते समजत असतील आणि त्यांची भावना मी कमी लेखत नाही. पण करारात त्या सहीचा अर्थ असा असतो की तुम्ही भरले नाही तर त्यांनी भरायचे, मग ते तेव्हा नोकरीत असोत वा निवृत्त. त्यांना खरोखर मदत करायची असेल तर सहीइतकाच उपयोगी एक दुसरा मार्ग आहे. तुम्ही शिकत असताना चढणारे व्याज त्यांनी दरमहा भरून टाकावे. दुसऱ्या संस्थेच्या कर्जावर हे व्याज पहिल्या वर्षी महिन्याला दोनपेक्षाही कमी, दुसऱ्या वर्षी साडेतीनच्या आत आणि तिसऱ्या वर्षी ५ एवढे येते. सहा महिन्यांच्या सवलतीतही ५ च. एवढे भरले की पहिल्या हप्त्याच्या दिवशी कर्ज ७६४ न होता ६०० च राहते आणि हप्ता १० वरून ८ वर येतो. करारात मुदतीपूर्वी जादा रक्कम भरल्यास दंड आहे का, हेही त्यांनी सही करण्यापूर्वी विचारावे. दंड नसेल तर सुरुवातीच्या दोन-तीन वर्षांत भरलेली प्रत्येक जादा रक्कम थेट मुद्दलातून जाते, आणि तिथेच तिचा लाभ सर्वाधिक असतो.

तेव्हा दोन संस्थांपैकी मी दुसरी निवडीन. पहिलीचा पर्याय लगेच सोडू मात्र नका. प्रवेश निश्चित करण्याची मुदत अजून शिल्लक आहे असे तुम्ही लिहिले आहे, तर त्यांना आजच एक नम्र पत्र पाठवा, वर सांगितलेले चारही प्रश्न विचारा आणि सोबत शुल्कात सवलत किंवा विद्यार्थी सहायकाचे काम मिळेल का तेही विचारा. पत्रात दुसऱ्या संस्थेच्या खर्चाचा आकडा स्पष्ट लिहा. अशा वेळी संकोच महागात पडतो. त्यांच्या सवलतीने तीन वर्षांची उचल ६५० च्या आसपास आली, तर पहिली संस्था खुशाल घ्या, कारण मग ती वर काढलेल्या ८४० च्या मर्यादेत बसते. नाही आली, किंवा मुदतीच्या आत उत्तरच आले नाही, तर दुसऱ्या संस्थेत नाव घाला. आणि दोहोंपैकी कोणत्याही कागदावर वडिलांची सही होण्यापूर्वी कर्ज देणाऱ्यांकडून पूर्ण परतफेडीचा तक्ता मागून घ्या, त्यातली साठाव्या हप्त्याची, म्हणजे पाच वर्षांनंतरची बाकी दाखवणारी, ओळ पेन्सिलने अधोरेखित करा आणि तो कागद घरात सगळे एकत्र असताना, काकाही असतील तर उत्तमच, वडिलांच्या हातात द्या.